उत्तम रायफल कोणती? कोष्टकातील आकडे आणि जवानाच्या खांद्यावरचे ओझे

इंटरनेटवर अवकाशयुद्धाचे खेळ खेळणाऱ्या तरुणांमध्ये एक वाद कधीच संपत नाही. कोणाचे यान सरस? वेग, चिलखत, तोफांचा मारा आणि किंमत यांची कोष्टके मांडली जातात आणि रात्र रात्र खल चालतो. हीच मंडळी पुष्कळदा तितक्याच आवेशाने ‘एके-४७ श्रेष्ठ की एम-१६?’, ‘आपली इन्सास खरोखरच इतकी वाईट होती का?’ या प्रश्नांकडे वळतात. पद्धत तीच आणि कोष्टकही तसेच. खेळातील यान नष्ट झाले तर खेळाडूचा वेळ आणि पैसा वाया जातो. रायफल ऐन वेळी अडली तर माणूस जातो. पायदळाच्या रायफलीची रचना कोणत्या हिशेबावर ठरते, हा हिशेब जगभरातील सैन्यांना कोठे चुकला आणि भारताने आजवर कोणते निर्णय घेतले, याचा हा आढावा.

यानांचे कोष्टक काय शिकवते?

आइसलँडमधील रेक्याविक येथील सीसीपी गेम्स या कंपनीने मे २००३ मध्ये ‘ईव्ह ऑनलाइन’ हा खेळ सुरू केला. जगभरातील हजारो खेळाडू यात एकाच काल्पनिक विश्वात वावरतात. येथे नष्ट झालेले यान परत मिळत नाही. नवे बांधावे किंवा विकत घ्यावे लागते. त्यामुळे यानांची तुलना हा या खेळात करमणुकीपेक्षा गंभीर विषय ठरतो.

प्रत्येक यानाला वीजपुरवठ्याची आणि संगणकीय क्षमतेची ठरावीक मर्यादा असते आणि उपकरणे बसवण्याच्या जागाही मोजक्याच असतात. जाड चिलखत चढवले तर वस्तुमान वाढते आणि यान मंदावते. ऊर्जेचे संरक्षक कवच वाढवले तर शत्रूच्या यंत्रणेला ते यान मोठे दिसू लागते आणि त्याच्यावर नेम धरणे सोपे जाते. युद्धनौकेवरील अजस्र तोफांचा मारा प्रचंड असतो. मात्र जवळून वेगाने घिरट्या घालणाऱ्या चिमुकल्या फ्रिगेटच्या मागे त्या तोफा पुरेशा चपळाईने वळत नाहीत. एका बाजूला काही मिळवायचे तर दुसऱ्या बाजूला काही सोडावेच लागते.

२७ आणि २८ जानेवारी २०१४ रोजी या खेळात झालेली लढाई अजूनही चर्चेत असते. एका खेळाडू-संघटनेकडून आपल्या ताब्यातील प्रदेशाचे देयक वेळेत भरले गेले नाही, प्रतिस्पर्ध्यांनी तेवढी संधी साधली आणि सुमारे २१ तास चाललेल्या संघर्षात साडेसात हजारांहून अधिक खेळाडू उतरले. खेळातील सर्वांत मोठी अशी ‘टायटन’ वर्गातील ७५ याने त्यात नष्ट झाली. वास्तव जगातील चलनात हे नुकसान तीन लाख डॉलरच्या घरात गेल्याचे सांगितले गेले. एवढ्या मोठ्या संहाराचे मूळ एका चुकलेल्या व्यवस्थापकीय बाबीत होते. शस्त्राचे सामर्थ्य त्यामागच्या व्यवस्थेवर अवलंबून असते, हा धडा खेळानेही दिला.

खेळ आणि वास्तव यांत एक मूलभूत अंतर मात्र आहे. एखादे यान वरचढ होऊ लागले, तर खेळाचे निर्माते पुढच्या सुधारित आवृत्तीत त्याचे आकडे बदलतात आणि समतोल साधतात. लोखंड, दारू आणि शिसे यांच्या बाबतीत अशी सोय नाही. एकदा निवडलेली रायफल आणि तिचे काडतूस पुढची तीस-चाळीस वर्षे सैन्याच्या गळ्यात राहते.

सुरुवात काडतुसापासून

सामान्यतः आपण रायफलीची तुलना करतो. रचनाकाराच्या दृष्टीने मात्र आधी काडतूस ठरते आणि त्याभोवती रायफल उभी राहते. नळीची जाडी, बोल्टची ताकद, मॅगझिनचा आकार, खांद्याला बसणारा धक्का आणि जवान किती गोळ्या बाळगू शकेल, हे सारे काडतुसावरून निश्चित होते.

काडतुसाचे नाव दोन आकड्यांनी सांगितले जाते. पहिला आकडा गोळीचा व्यास दर्शवतो आणि दुसरा पुंगळीची लांबी. वर्तमानपत्रांतून नुसते ‘७.६२ मिमी’ असे लिहिले जाते, तेव्हा मोठा घोटाळा होतो. ७.६२ × ३९ हे कलाश्निकोव्हचे काडतूस आहे, तर ७.६२ × ५१ हे नाटो देशांनी स्वीकारलेले, बरेच अधिक ताकदीचे काडतूस आहे. एकाची गोळी दुसऱ्याच्या रायफलीत चालत नाही.

आज प्रचलित असलेल्या तीन प्रमुख काडतुसांचे साधारण आकडे पाहू. ५.५६ × ४५ या काडतुसाचे वजन सुमारे १२ ग्रॅम असते. त्याची चार ग्रॅमची गोळी सेकंदाला ९०० मीटरहून अधिक वेगाने बाहेर पडते आणि तिची ऊर्जा सुमारे १७०० ज्यूल असते. ७.६२ × ३९ चे वजन १६ ते १७ ग्रॅम, गोळी आठ ग्रॅमची, वेग सेकंदाला ७१५ मीटरच्या आसपास आणि ऊर्जा सुमारे २००० ज्यूल. ७.६२ × ५१ चे वजन २४ ग्रॅमच्या आसपास, गोळी साडेनऊ ग्रॅमची, वेग सुमारे ८४० मीटर आणि ऊर्जा ३३०० ज्यूलच्या पुढे.

ऊर्जेचा रकाना पाहिला तर तिसरे काडतूस निर्विवादपणे श्रेष्ठ ठरते. आता वजनाचा रकाना पाहू. दोनशे गोळ्या बाळगायच्या तर पहिल्या प्रकारात केवळ काडतुसांचे ओझे २.४ किलो होते, दुसऱ्यात ३.३ किलो आणि तिसऱ्यात ४.८ किलो. म्हणजे ताकदीचे काडतूस निवडणाऱ्या जवानाला तेवढ्याच ओझ्यात निम्म्याच गोळ्या मिळतात. शिवाय धक्का जवळपास दुप्पट बसत असल्याने दुसरी गोळी झाडण्यापूर्वी पुन्हा नेम धरण्यास अधिक वेळ लागतो. पाठीवर चिलखत, पाणी, शिधा, बिनतारी संच आणि हातबॉम्ब घेऊन डोंगर चढणाऱ्या माणसासाठी प्रत्येक किलोचा अर्थ वेगळा असतो.

तीनशे मीटरचा शोध

विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील सैन्ये जी रायफल वापरत होती, तिच्यावर एक ते दोन किलोमीटरपर्यंतच्या पल्ल्याच्या खुणा असत. ब्रिटिशांची .३०३ ली-एन्फिल्ड आणि जर्मनांची मॉझर या त्याच परंपरेतील होत. प्रत्यक्ष युद्धात मात्र एवढ्या अंतरावर जवानाला शत्रू दिसतच नसे. जर्मन सैन्याच्या लक्षात आले की, पायदळाच्या बहुतेक चकमकी तीन-चारशे मीटरच्या आतच होतात. मग लांब पल्ल्यासाठी लागणारी दारू आणि पोलाद जवानाने का वाहावे? या विचारातून आखूड पुंगळीचे ७.९२ × ३३ काडतूस आणि ‘स्टुर्मगेव्हेर ४४’ ही रायफल आली. आजच्या साऱ्या ‘असॉल्ट रायफली’ तिच्याच वंशातील आहेत.

सोव्हिएत संघाने याच दिशेने ७.६२ × ३९ हे काडतूस सिद्ध केले आणि मिखाईल कलाश्निकोव्ह यांच्या रायफलीचा १९४९ मध्ये स्वीकार केला. एके-४७ च्या साधेपणाच्या आख्यायिका प्रसिद्ध आहेत. तिच्या निर्मितीला मात्र सुरुवातीला अडचणी आल्या, ही बाब फारशी सांगितली जात नाही. पत्रा ठोकून घडवलेले तिचे मधले कवच कारखान्यात मोठ्या प्रमाणावर नापास होऊ लागले. म्हणून काही वर्षे ते घन पोलादातून कोरून काढावे लागले. पत्र्याच्या कवचाची हलकी आणि स्वस्त आवृत्ती ‘एकेएम’ या नावाने १९५९ मध्ये स्थिरावली. जगाला ठाऊक असलेली ‘एके’ बहुतांशी ही दुसरी आवृत्ती होय.

पाश्चात्त्य गटात याच सुमारास निराळे घडले. ब्रिटनने ७ मिमीचे मध्यम ताकदीचे काडतूस आणि त्यासाठी ईएम-२ ही आखूड रायफल तयार केली. १९५१ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने तिच्या स्वीकाराची घोषणाही केली. अमेरिकेचा आग्रह मात्र पूर्ण ताकदीच्या काडतुसासाठी होता. त्याच वर्षी सत्तेवर परतलेल्या चर्चिल यांनी मित्रराष्ट्रांच्या समान काडतुसाला प्राधान्य देऊन ईएम-२ बाजूला ठेवली आणि नाटोने ७.६२ × ५१ स्वीकारले. दरम्यान, अमेरिकी लष्करासाठी काम करणाऱ्या ऑपरेशन्स रिसर्च ऑफिसमधील नॉर्मन हिचमन यांचा अहवाल १९५२ मध्ये सादर झाला होता. रायफलीचा परिणामकारक वापर बहुतांशी ३०० यार्डांच्या आतच होतो, असा त्याचा निष्कर्ष होता. अभ्यास एका दिशेला आणि निर्णय दुसऱ्या दिशेला, असा हा प्रकार झाला.

व्हिएतनाममधील धडा

व्हिएतनामच्या जंगलात अमेरिकेची ७.६२ × ५१ काडतुसाची एम-१४ रायफल जड आणि सलग माऱ्यात आवरण्यास अवघड ठरली. तिची जागा यूजीन स्टोनर यांच्या रचनेवर आधारलेल्या एम-१६ ने घेतली. रिकामी एम-१४ चार किलोंहून अधिक वजनाची, तर एम-१६ तीन किलोंच्याही आत. ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिकचा सढळ वापर, ५.५६ मिमीची हलकी गोळी आणि सरळ रेषेतील दस्त्यामुळे आटोक्यात राहणारा धक्का ही तिची वैशिष्ट्ये. कोष्टकात ती सरस होती, यात शंका नाही.

१९६६ आणि १९६७ मध्ये मात्र ही रायफल ऐन चकमकीत अडत असल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. झाडलेल्या काडतुसाची पुंगळी चेंबरमध्येच चिकटून बसे आणि ती नळीत तोंडाकडून सळई घालून बाहेर काढावी लागे. शत्रू समोर असताना हे करणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण होते. अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने १९६७ मध्ये या प्रकरणाची चौकशी केली. रचना सिद्ध करताना जी दारू गृहीत धरली होती, तिच्याऐवजी दुसऱ्या प्रकारची दारू काडतुसांत भरली जात होती. त्यामुळे माऱ्याचा वेग वाढला आणि आत काजळी अधिक साचू लागली. चेंबरला क्रोमचा मुलामा दिलेला नव्हता, त्यामुळे दमट हवेत ते गंजत असे. त्यातच या रायफलीला फारशी साफसफाई लागत नाही असा समज पसरला होता आणि सफाईचे साहित्य व प्रशिक्षण पुरेसे पोहोचलेच नव्हते.

यापैकी एकही गोष्ट तुलनेच्या कोष्टकात आढळत नाही. पुढे क्रोमचा मुलामा, सुधारित दारू आणि सफाईचे शिक्षण देण्यात आले, एम-१६ए१ ही आवृत्ती आली आणि तीच रायफल भरवशाची ठरली. दरम्यानच्या काळात ज्यांच्या हातात ती अडली, त्यांच्यासाठी ही सुधारणा फार उशिरा आली.

एके आणि एम-१६ यांच्यातील जुना वाद याच पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागतो. एकेमध्ये वायूच्या दाबाने जड दट्ट्या मागे ढकलला जातो आणि फिरत्या भागांमध्ये सैल जागा ठेवलेली असते. त्यामुळे चिखल आणि धूळ ती बऱ्यापैकी पचवते. मात्र जड भागांच्या हालचालीने नेम हलतो. एम-१६ मध्ये स्वतंत्र दट्ट्या नसून वायू थेट बोल्टच्या वाहकापर्यंत नेला जातो. त्यामुळे वजन वाचते आणि अचूकता वाढते. मात्र उष्णता आणि काजळी थेट यंत्रणेच्या गाभ्यात येते. एकीत निष्काळजीपणा खपतो, दुसरीत शिस्त लागते. अल्पशिक्षित भरतीचे सैन्य आणि दीर्घ प्रशिक्षणाचे सैन्य यांची निवड वेगळी असणे स्वाभाविकच आहे.

आखूड रायफलीचा मोह

लांब नळी गोळीला वेग देते, पण वाहनातून उतरताना किंवा घराच्या अरुंद जिन्यात अडचणीची ठरते. यावर तोडगा म्हणून मॅगझिन आणि बोल्टची यंत्रणा चापाच्या मागे, दस्त्यातच बसवण्याची ‘बुलपप’ रचना पुढे आली. ऑस्ट्रियाच्या स्टायर ऑग या रायफलीची लांबी ७९० मिमी आहे, तर एम-१६ए१ ची ९८६ मिमी. दोघींची नळी मात्र सारखीच, ५०८ मिमीची. जवळजवळ २० सेंटिमीटरची ही बचत कोष्टकात डोळ्यांत भरते.

फ्रान्सची फामास, ब्रिटनची एसए-८०, इस्रायलची तावोर आणि चीनची क्यूबीझेड-९५ या सर्व याच घराण्यातील. तावोर भारतीय विशेष दलांच्याही वापरात आली. या रचनेचे दोष मात्र हळूहळू जाणवू लागले. पुंगळी गालाजवळून बाहेर फेकली जात असल्याने डावखुऱ्या नेमबाजाला अडचण होते. काखेजवळचे मॅगझिन बदलणे वेळखाऊ ठरते. चाप आणि यंत्रणा यांमधील लांब सांध्यामुळे चापाचा स्पर्श बोथट होतो. ब्रिटनच्या एसए-८० ला तर इतर दोषांनी इतके ग्रासले होते की, १९९१ च्या आखाती युद्धानंतर तिच्यावर टीकेची झोड उठली आणि अखेर हेक्लर अँड कोख या जर्मन कंपनीकडून तिची व्यापक दुरुस्ती करून घ्यावी लागली. फ्रान्सने २०१६ मध्ये फामासच्या जागी पारंपरिक मांडणीची एचके ४१६ निवडली. चीननेही २०१९ च्या राष्ट्रीय संचलनात पारंपरिक मांडणीची क्यूबीझेड-१९१ जगापुढे आणली.

पुण्यात जन्मलेली इन्सास

१९६२ च्या चीन युद्धात भारतीय जवानाच्या हाती प्रामुख्याने .३०३ होती. त्यानंतर ईशापूर येथील कारखान्यात तयार झालेली ७.६२ × ५१ काडतुसाची स्वयंभरण रायफल, म्हणजेच जवानांची ‘एसएलआर’, दीर्घकाळ सैन्याची साथीदार राहिली. १९८० नंतर नाटोनेही ५.५६ मिमीचे काडतूस प्रमाण मानले आणि भारताने त्याच मापाची स्वदेशी रायफल करण्याचे ठरवले. ही जबाबदारी संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेच्या पुण्यातील ‘एआरडीई’ या प्रयोगशाळेकडे आली. तेथे घडलेली इंडियन स्मॉल आर्म्स सिस्टिम, म्हणजेच ‘इन्सास’. तिची काडतुसे जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या कारखान्यात बनू लागली. भारतीय पायदळाच्या या अध्यायात महाराष्ट्राचा वाटा असा मोठा आहे.

इन्सासच्या रचनेत अनेक रायफलींमधील गुण एकत्र करण्याचा प्रयत्न दिसतो. वायूचा दट्ट्या आणि फिरता बोल्ट कलाश्निकोव्हच्या धर्तीवर, तर वायूचे प्रमाण कमी-अधिक करण्याची सोय एसएलआरच्या परंपरेतील. दारूगोळ्याची उधळपट्टी टाळण्यासाठी सलग माऱ्याऐवजी एकेक गोळी किंवा तीन गोळ्यांची फैर एवढीच सोय ठेवली गेली. मॅगझिन २० गोळ्यांचे आणि अर्धपारदर्शक, उरलेल्या गोळ्या दिसाव्यात म्हणून. मात्र हलके काडतूस स्वीकारूनही रायफलीचे वजन मॅगझिनशिवाय चार किलोंच्या वरच राहिले. लहान काडतुसाचा मुख्य लाभ ओझे कमी होण्यात आहे, त्यातील अर्धा लाभ येथेच गमावला गेला.

१९९९ च्या कारगिल संघर्षात १६-१८ हजार फूट उंचीवर, हाडे गोठवणाऱ्या थंडीत तिची परीक्षा झाली. मॅगझिनला तडे जाणे, रायफल अडणे अशा तक्रारी पुढे आल्या. २००५ मध्ये नेपाळच्या सैन्यानेही माओवाद्यांशी झालेल्या चकमकीनंतर इन्सासच्या कार्यक्षमतेवर प्रश्न उपस्थित केले. भारताच्या बाजूने देखभाल आणि वापर यांतील त्रुटींकडे बोट दाखवण्यात आले. मॅगझिन आणि इतर भागांमध्ये कालांतराने सुधारणा झाल्या. व्हिएतनाममधील एम-१६ लाही असाच खडतर आरंभ भोगावा लागला होता. फरक एवढाच की, तेथे चौकशी आणि दुरुस्ती तुलनेने झपाट्याने झाली आणि मूळ रचना पुढे अनेक दशके विकसित होत राहिली. इन्सासबद्दलचा अविश्वास मात्र पुरता पुसला गेला नाही.

इन्सासबद्दलच्या चर्चेत एक वाक्य हमखास ऐकू येते. ५.५६ मिमीची गोळी शत्रूला ठार न करता जखमी करण्यासाठीच आहे, म्हणजे त्याला उचलण्यात आणखी दोघे अडकतात, असे ते वाक्य. काडतूस लहान करण्यामागची कारणे पाहिली तर वजन, धक्का आणि नेम लागण्याची शक्यता हीच प्रमुख होती. तरीही काश्मीरमध्ये दहशतवाद्यांशी जवळून सामना करणाऱ्या जवानांचा ओढा एके रायफलीकडे राहिला, हे वास्तव आहे. अंधाऱ्या खोलीत शिरताना भरवसा, सलग मारा आणि आखूड लांबी या गोष्टींना चारशे मीटरवरील अचूकतेपेक्षा अधिक मोल असते.

पुढील निर्णयांत हीच द्विधा दिसते. ५.५६ आणि ७.६२ × ३९ अशा दोन्ही मापांची नळी बदलून वापरता येईल अशा रायफलीसाठी २०११ मध्ये सुरू झालेली खरेदी-प्रक्रिया २०१५ मध्ये गुंडाळण्यात आली. फेब्रुवारी २०१९ मध्ये ७.६२ × ५१ काडतुसाच्या ७२,४०० सिग ७१६ रायफलींचा करार झाला. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तर प्रदेशातील अमेठी जिल्ह्यात कोरवा येथे रशियाच्या सहकार्याने सहा लाखांहून अधिक एके-२०३ रायफली तयार करण्याचा करार झाला. तिचा परिणामकारक पल्ला ३०० मीटर असल्याचे आणि ती इन्सासची जागा घेणार असल्याचे संरक्षण मंत्रालयाने जाहीर केले. २०२४ च्या जुलैपर्यंत पहिल्या ३५ हजार एके-२०३ सैन्याकडे सुपूर्द झाल्या. त्याच वर्षी जानेवारीत पुण्याच्या एआरडीईने हैदराबादच्या खासगी कंपनीच्या साथीने घडवलेली ७.६२ × ५१ मापाची ‘उग्रम’ रायफलही सादर करण्यात आली.

लांब पल्ल्यासाठी एक, जवळच्या लढाईसाठी दुसरी, असे या विभागणीचे समर्थन करता येते. राजस्थानचे वाळवंट, लडाखची शिखरे आणि काश्मीरमधील वस्त्या यांची गरज एक नाही. मात्र जितकी मापे अधिक, तितकी दारूगोळ्याच्या पुरवठ्याची गुंतागुंतही अधिक. पुढच्या ठाण्यावर चुकीच्या मापाची पेटी पोहोचली तर हाती रायफल असूनही जवान निःशस्त्रच ठरतो.

चक्र पुन्हा फिरले

तीनशे मीटरचा सिद्धांत आता अंतिम मानला जातो असे समजण्याचे कारण नाही. अफगाणिस्तानातील डोंगरदऱ्यांत बराच दुरून होणारा मारा आणि प्रतिस्पर्धी सैन्यांकडील सुधारित चिलखते यांचा विचार करून अमेरिकी लष्कराने एप्रिल २०२२ मध्ये ६.८ × ५१ मिमी काडतुसाच्या नव्या रायफलीचे कंत्राट दिले. एक्सएम-७ या नावाने ओळखली गेलेली ही रायफल मार्च २०२४ पासून १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनकडे पोहोचू लागली आणि २०२५ मध्ये एम-७ म्हणून तिचा अधिकृत स्वीकार झाला.

पुंगळीची लांबी पाहिली की १९५० च्या दशकातील ७.६२ × ५१ ची आठवण होते. वाद देखील तेच परत आले. एम-४ वापरणारा जवान ३० गोळ्यांची सात मॅगझिने, म्हणजे २१० गोळ्या बाळगत असे. नव्या रायफलीत २० गोळ्यांची सात मॅगझिने, म्हणजे १४० गोळ्याच मिळतात. आवाज दाबणाऱ्या नळकांड्यासह रायफलीचे वजन साडेचार किलोंच्या जवळ जाते. २०२५ मध्ये अमेरिकी सैन्यातील एका अधिकाऱ्यानेच या मुद्द्यांवर जाहीर टीका केली. चिलखत भेदणारी एक गोळी अधिक मोलाची की हाताशी असलेल्या ७० जादा गोळ्या, या प्रश्नाचे उत्तर पुढच्या युद्धातच मिळेल.

तुलना करताना काय विचारावे?

रायफलींची तुलना व्यर्थ आहे, असा याचा अर्थ नव्हे. कोष्टक हवेच, मात्र त्यात नेहमी गाळले जाणारे काही रकाने घालावे लागतील.

पहिला रकाना ओझ्याचा. रिकाम्या रायफलीचे वजन न पाहता रायफल, दुर्बीण आणि दिवसभराच्या गोळ्या यांचे एकत्रित वजन पाहावे.

दुसरा अंतराचा. जवान बहुधा किती दूरवरच्या लक्ष्यावर नेम धरणार आहे? तीनशे मीटरसाठी आठशे मीटरची ताकद वाहणे हा तोटाच आहे आणि शिखरावरून शिखरावर मारा करायचा असेल तर उलट.

तिसरा देखभालीचा. थंडी, धूळ, दमट हवा आणि दमलेला माणूस अशा परिस्थितीत रायफल किती वेळा अडते? प्रयोगशाळेतील स्वच्छ रायफलीचे आकडे येथे उपयोगी पडत नाहीत.

चौथा पुरवठ्याचा. काडतूस देशात बनते का, त्याची प्रत एकसारखी राहते का आणि सुटे भाग वेळेवर मिळतात का? व्हिएतनाममध्ये दारू बदलली आणि रायफल बदनाम झाली.

पाचवा आणि सर्वाधिक दुर्लक्षित रकाना तक्रारीचा. जवानाने सांगितलेला दोष किती दिवसांत रचनाकाराच्या मेजावर पोहोचतो आणि दुरुस्त रायफल किती दिवसांत परत ठाण्यावर जाते? एके, एम-१६ आणि एसए-८० यांपैकी एकही रायफल पहिल्या दिवशी निर्दोष नव्हती. ज्या सैन्यांनी हा रकाना गांभीर्याने घेतला, त्यांच्या रायफली कालांतराने ‘उत्तम’ म्हणून ओळखल्या गेल्या.

इन्सासची निवड झाली तेव्हा जी मुले शाळेत होती, त्यांनी ती पुढे कारगिलमध्ये खांद्यावर वाहिली. कोरवा येथे आज बनत असलेल्या रायफली देखील आजच्या शाळकरी मुलांच्याच हाती जाणार आहेत. कोणते माप निवडले यावर वाद होत राहतील आणि ते व्हावेतही. ती रायफल अडली, तर ते ऐकून घेऊन तातडीने दुरुस्त करणारी यंत्रणा तयार आहे का, हा प्रश्नही प्रत्येक वेळी त्या वादात विचारला गेला पाहिजे.